पाटी रंगवण्याआधी: गोव्यात छोट्या धंद्याचे नाव कसे ठरवावे

धंदा सुरू करणारे बरेच जण नाव ठरवतात ते पाटीवाल्याला ‘मॅटर’ द्यायच्या आदल्या रात्री. घरातल्या चार माणसांना आवडले की झाले. पुढे बँकेतला कारकून विचारतो, ‘लघुउद्योगांच्या उद्यम नोंदणीवर स्टोअर्स, जीएसटीवर ट्रेडर्स, मग खाते नेमके कोणाच्या नावाने?’ किंवा त्याच नावाने सावंतवाडीला कोणी दहा वर्षे माल विकतो आहे हे वकिलाच्या नोटिशीतून कळते. तोवर पाटी, बिलबुके, पिशव्या, लेबले सगळे छापून झालेले असते. म्हणून खाली दिलेल्या क्रमात पाटी सर्वांत शेवटी येते. या कामाला दोन-तीन आठवडे राखून ठेवा. त्यातला बहुतेक वेळ नाव सुचण्यात जात नाही, तपासण्यात जातो.

उदाहरणासाठी एकच धंदा धरून चालू: फोंड्याजवळ राहणारे एक जोडपे घरातून लोणची, पापड, मसाले आणि कोकमाचे सरबत करून विकणार आहे. माल म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, फोंड्यातल्या दोन दुकानांत आणि व्हॉट्सॲपवर जाईल.

आधी माल लिहा

कागदावर दोन रकाने पाडा. डावीकडे पहिल्या महिन्यात काय विकणार ते लिहा, उजवीकडे पाच वर्षांनी काय विकायला आवडेल ते. नाव उजव्या रकान्याला पुरले पाहिजे. ‘अमुक पापड केंद्र’ म्हटले की सरबताची बाटली त्या नावाखाली पोरकी दिसते. याच्या उलट टोकाला ‘एंटरप्रायझेस’ आणि ‘असोसिएट्स’. हे शब्द कशालाही पुरतात, कारण ते काहीच सांगत नाहीत. यातून निघायची वाट अशी की नाव स्वतंत्र ठेवायचे आणि त्याखाली बारीक अक्षरात कामाची ओळ द्यायची: ‘लोणची, पापड, मसाले’. ओळ उद्या बदलता येते.

जागेचे नाव धंद्याच्या नावात घालताना भाडेकरार डोळ्यांसमोर ठेवा. करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो. ‘तिस्क कॉर्नर’ नावाचे दुकान पुढे कुर्टीला हलवावे लागले, तर नव्या गिऱ्हाइकाला प्रत्येक वेळी समजावत बसावे लागेल.

वीस नावे लिहा आणि काटायला लागा

वीसपेक्षा कमी नको. पहिली पाच-सहा नावे सगळ्यांना सुचतात तीच असतात. खरी कामाची नावे यादीच्या खालच्या अर्ध्यात सापडतात. स्वयंपाकघरातली भांडी, परसातली झाडे, कामाच्या कृती, चव, आवाज असे सगळे लिहून काढा. मग काटाकाट.

पहिली काट देवाच्या नावावर, आणि इथेच घरात वाद होतो. शांतादुर्गा, मंगेश, महालसा, दामोदर, बोडगेश्वर, सातेरी, रवळनाथ ही नावे गोव्यात किराणा दुकानापासून टायरच्या दुकानापर्यंत सगळीकडे आहेत. श्रद्धेचा प्रश्नच नाही, अडचण व्यवहाराची आहे. ‘शांतादुर्गा स्टोअर्सला पाठवा’ म्हटले की रिक्षावाला विचारतो, कुठल्या? ट्रेडमार्क नोंदवतानाही असे नाव एकट्याच्या मालकीचे करून घेणे कठीण जाते. ‘रामायण’ हे नाव अगरबत्तीसाठी एकट्याला देता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितले. धर्मग्रंथाच्या नावावर कोणा एका व्यापाऱ्याचा हक्क चालत नाही. कुलदेवतेचे नाव हवेच असेल तर ते पाटीच्या माथ्यावर ‘॥ श्री शांतादुर्गा प्रसन्न ॥’ असे लिहा आणि धंद्याचे नाव वेगळे ठेवा. बार किंवा मटण-मासळीच्या दुकानाला देवाचे नाव तर नकोच: धार्मिक भावना दुखावू शकणारे चिन्ह नोंदवून न घेण्याची तरतूद ट्रेडमार्क कायद्यातच आहे.

दुसरी काट आडनावावर. आपली निम्मी आडनावे गावावरून पडलेली. शिरोड्याचे शिरोडकर, बोरीचे बोरकर, केरीचे केरकर, मांद्र्याचे मांद्रेकर. एका गावातून निघालेली शेकडो घरे एकच आडनाव लावतात आणि त्यांतल्या दहा जणांचा धंदा असतो. स्वतःचे नाव प्रामाणिकपणे वापरण्याला कायदा आडकाठी करत नाही, पण त्याच आडनावाचा दुसरा कोणी त्याच मालात आधीपासून प्रसिद्ध असेल तर भांडण अंगाशी येते. डॉक्टर, वकील, शिंपी, सोनार यांना आडनाव शोभते, कारण तिथे गिऱ्हाईक माणसाकडेच येते. लोणच्याच्या बाटलीवर ते तितके कामाचे नाही.

तिसरी काट ‘गोवा’, ‘गोवन’, ‘गोमंतक’, ‘कोकण’, ‘फ्रेश’, ‘टेस्टी’, ‘घरगुती’ यांवर. माल काय आहे, कसा आहे, कुठला आहे एवढेच सांगणारा शब्द नोंदणीला सहसा नाकारला जातो. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याचे कलम ९ यासाठीच आहे. कोकम सरबताला ‘भिरंड’ हे नाव ऐकायला गोड, पण कोकमाच्या मालाला कोकमाचेच नाव देऊन दुसऱ्याला तो शब्द वापरू नका असे सांगता येत नाही. तेच नाव कपड्यांच्या दुकानाला दिले तर मात्र भक्कम ठरते.

याच ओघात भौगोलिक मानांकनही, म्हणजे विशिष्ट जागेच्या मालाच्या नावाला मिळणारे कायद्याचे संरक्षण, ध्यानात घ्या. फेणी, खोला मिरची, हरमल मिरची, गोव्याचे खाजे, मानकुराद आंबा, बेबिंका यांना ते मिळालेले आहे. अशी नावे एका दुकानदाराच्या मालकीची होत नाहीत. मिरची खोल्याची नसताना लेबलावर ‘खोला’ लिहिणे म्हणजे कायद्याचा भंग. खरोखर तिथलीच असेल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून घ्यावी.

काही शब्दांना सरळ बंदी आहे. १९५० च्या बोधचिन्हे व नावे कायद्याच्या परिशिष्टात छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी आणि पंतप्रधान यांची नावे व चित्रे आहेत. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ती धंद्यासाठी वापरता येत नाहीत. गल्लोगल्ली तशा पाट्या दिसतात म्हणून चालते असे समजू नका. ‘बँक’ हा शब्द आणि कंपनी नसताना ‘लिमिटेड’ लावणेही बंद.

मुलांची नावे, नवरा-बायकोच्या नावांची पहिली दोन-दोन अक्षरे जोडून केलेली नावे आणि ‘एस. डी.’सारखी आद्याक्षरे यांना बंदी नाही. पण ती तुम्हालाच लक्षात राहतात. भागीदारीत तर जोडनाव टाळाच. भागीदार वेगळे झाले की अर्धे नाव कोणी न्यायचे? नाव कोणतेही असो, भागीदार फुटल्यास ते कोणाकडे राहील हे करारनाम्यात एका वाक्यात लिहून ठेवा.

अशी काट मारल्यावर वीसपैकी चार-पाच उरतात. आपल्या जोडप्याकडे ‘बरणी’, ‘कुळागर’ आणि ‘उन्हाळी’ अशी तीन उरली असे धरू.

तोंड, कान आणि फोन

आता नाव कागदावरून उठवून कानात घाला. ज्याने ते कधी पाहिलेले नाही अशा पाच जणांना फोन करा, नाव एकदाच सांगा, अर्थ सांगू नका, आणि ऐकले तसे रोमन अक्षरांत लिहून पाठवायला सांगा. पाचांत एक तरी गोव्याबाहेरचा असावा आणि एक मराठी न येणारा. चौघांनी एकच स्पेलिंग पाठवले तर नाव पास. पाचांची पाच वेगळी आली तर ते नाव कितीही आवडते असले तरी गिऱ्हाइकाला मोबाइलवर शोधता येणार नाही.

‘ळ’, ‘ण’, ‘छ’, ‘क्ष’, ‘ज्ञ’ असलेली नावे इथे गळतात. ‘कुळागर’चा ‘ळ’ रोमनमध्ये ‘ल’ होतो आणि बाहेरचा माणूस त्याला ‘कुलगर’ वाचतो. ‘बरणी’चेही दोन प्रकार होतात, मधे ‘ए’ घालून आणि न घालता. वर कोणी ‘भरणी’ ऐकले तर नक्षत्रावर जातो. तरी ‘बरणी’ची गडबड दोन स्पेलिंगांपुरती आहे, तेवढी सांभाळता येते. ‘उन्हाळी’ बोलताना ‘न्ह’ गिळला जातो आणि लिहिणारा थांबून पुन्हा विचारतो. ते नाव गेले.

गोव्यात रोमन लिपीची आणखी एक गोम आहे. जुनी पोर्तुगीज वळणाची स्पेलिंगे आणि आजची वाचण्याची सवय यांत अंतर आहे. डिचोली रोमनमध्ये ‘ब’ने सुरू होते, केपे ‘क्यू’ने. पर्यटकाच्या तोंडी डिचोलीचे ‘बिचोलिम’ होते. धंद्याच्या नावासाठी हे वळण उचलू नका. शब्द गोव्याचा ठेवा, स्पेलिंग उच्चारावरून करा. अंकशास्त्रासाठी एक ‘ए’ जास्तीचा घालणाऱ्यांना सांगून उपयोग नसतो हे मान्य. पण दोन ‘ए’ असलेले नाव गिऱ्हाईक एकाच ‘ए’ने शोधते आणि दुसऱ्याच दुकानात पोचते. मुहूर्त जरूर पाहा, स्पेलिंग साधे ठेवा.

कोकणी आणि मराठीच्या सीमेवर अर्थही निसटतो. ‘शीत-कडी’ म्हणजे भात आणि कालवण, हे गोव्यातल्या कोणालाही सांगावे लागत नाही. पुण्याहून आलेले कुटुंब त्याच पाटीखाली उभे राहून थंड कढी मागेल. ‘उदक’ कोकणीत रोजचे पाणी, मराठीत मात्र ‘उदक सोडणे’ म्हणजे नाद सोडणे. पाण्याच्या बाटलीला ते नाव देणाऱ्याने एकदा मराठी शेजाऱ्याला विचारलेले बरे. बाजारात कन्नड आणि हिंदी बोलणारेही भरपूर आहेत. त्या भाषांच्या एकेका माणसालाही नाव ऐकवा आणि चेहऱ्याकडे पाहा. हसू आले तर कारण विचारा.

आता शोध

इथे घाई केली की पैसे जातात. शोध चार ठिकाणी, आणि याच क्रमाने.

केंद्र सरकारच्या ‘आयपी इंडिया’ संकेतस्थळावर ट्रेडमार्कचा सार्वजनिक शोध फुकट आहे. नावाबरोबर मालाचा वर्ग भरावा लागतो. एकूण वर्ग ४५ आहेत. लोणची आणि टिकवलेली फळे २९ मध्ये, मसाले, पापड, बेकरीचा माल ३० मध्ये, सरबते ३२ मध्ये, फेणी ३३ मध्ये, खानावळ, हॉटेल, होमस्टे ४३ मध्ये, कपडे २५, साबण व सौंदर्यप्रसाधने ३, सलून ४४, आणि दुकानदारीची सेवा ३५ मध्ये. नवखा माणूस फक्त अचूक स्पेलिंग टाकतो, काही दिसत नाही, आणि खूश होऊन उठतो. ‘यात आहे’ आणि ‘याने सुरू होते’ हे पर्यायही लावा, शिवाय उच्चारसाम्याचा शोध वेगळा आहे तो करा. ‘बरणी’साठी दोन्ही स्पेलिंगे, ‘भरणी’ आणि ‘बर्नी’ अशी चारही रूपे टाकून पाहावी लागतील. निकालात ‘नोंदलेले’, ‘आक्षेप’, ‘विरोध’, ‘सोडून दिलेले’ अशा स्थिती इंग्रजीत दिसतात. सोडून दिलेला अर्ज म्हणजे रान मोकळे असे नाही. अर्ज सोडणारा माणूस बाजारात त्याच नावाने माल विकत असू शकतो. आणि आपल्या वर्गात नाव नसले तरी शेजारचे वर्ग पाहा. लोणच्यावाल्याने २९, ३० आणि ३२ हे तिन्ही पाहायचे.

दुसरे, कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावरचा कंपन्यांच्या नावांचा शोध. तुमचा धंदा एकट्याच्या मालकीचा असला तरी हे करा.

तिसरे, गूगल नकाशा आणि इन्स्टाग्राम. नुसता गोवा पाहू नका. सिंधुदुर्ग, बेळगाव, कारवारही पाहा, कारण माल आणि माणसे तिथून रोज ये-जा करतात. नोंदणी न करताही आधीपासून नाव वापरणाऱ्याचा हक्क आपल्याकडे कायदा मानतो. त्यामुळे सरकारी शोध कोरा आला तरी बांद्यातला जुना लोणचेवाला तुम्हाला अडवू शकतो.

चौथे, डॉट इन आणि डॉट कॉम पत्ता मोकळा आहे का. डॉट इन पत्त्याला वर्षाला बहुधा हजाराच्या आत खर्च येतो. नाव ठरले त्याच दिवशी घेऊन टाका, वापर पुढे केलात तरी चालेल.

‘बरणी’ हा एकच शब्द लोणच्याला जवळचा असल्याने तो कुठे ना कुठे सापडण्याची शक्यता मोठी. तसे झाले तर त्यापुढे ‘फूड्स’ किंवा ‘प्रॉडक्ट्स’ चिकटवून सुटका होत नाही. तपासणारा अधिकारी मुख्य शब्द पाहतो. वजनदार दुसरा शब्द जोडून नवे नाव करावे लागते, ‘झाकली बरणी’सारखे. आणि मग फोनची परीक्षा पुन्हा पहिल्यापासून.

नोंदणी: काय लागते, किती लागते

एकट्याच्या मालकीच्या धंद्याला नाव ‘राखून’ देणारे असे कोणते कार्यालय नाही. उद्यम नोंदणी फुकट होते, पंचायत किंवा पालिकेचा व्यापार परवाना मिळतो, जीएसटी क्रमांक मिळतो. यांतल्या कशानेही नावावर मालकी येत नाही. ही गफलत सर्रास होते. मालकी हवी तर ट्रेडमार्क.

ट्रेडमार्कचा अर्ज म्हणजे टीएम-ए. गोवा मुंबईच्या ट्रेडमार्क कार्यालयाच्या हद्दीत येतो, पण अर्ज ऑनलाइन होतो. व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगांना ऑनलाइन शुल्क दर वर्गाला ४,५०० रुपये, इतरांना ९,००० रुपये. आपल्या जोडप्याने तिन्ही वर्ग घेतले तर १३,५०० रुपये, वकील किंवा एजंटाची फी वेगळी. तेवढे झेपत नसेल तर जो माल सर्वांत जास्त विकणार त्याचा वर्ग आधी. नाव देवनागरीत असेल तर उच्चार आणि अर्थ इंग्रजीत किंवा हिंदीत द्यावा लागतो. चिन्हाआधी (लोगोआधी) नुसता शब्द नोंदवलेला बरा. चिन्हाचे चित्र उद्या बदलाल, शब्द तोच राहील.

अर्जानंतर परीक्षण अहवाल येतो. त्यात आक्षेप असेल तर एका महिन्यात उत्तर द्यावे लागते. ईमेल पाहिला नाही म्हणून अर्ज सोडून दिल्यात जमा होतो, आणि छोट्या धंद्यांचे अर्ज बरेचदा असेच मरतात. मान्य झाल्यावर नाव ट्रेडमार्क कार्यालयाच्या जर्नलमध्ये छापले जाते आणि चार महिने कोणालाही विरोध करता येतो. नोंदणी दहा वर्षांची असते, पुढे नूतनीकरण. अर्ज केल्यावर नावाशेजारी ‘टीएम’ लिहिता येते. वर्तुळातला ‘आर’ मात्र प्रमाणपत्र हातात आल्यावरच. त्याआधी छापणे बेकायदा आहे.

प्रायव्हेट लिमिटेड काढणाऱ्यांनी कंपनी नोंदणीच्या ‘स्पाइस प्लस’ या ऑनलाइन फॉर्मच्या भाग ‘अ’मधून नाव राखून घ्यावे. एका अर्जात दोन नावे देता येतात, शुल्क १,००० रुपये, आणि मंजूर नाव २० दिवस राखून ठेवले जाते. तेवढ्यात बाकीची कागदपत्रे तयार नसली तर पुन्हा पैसे. म्हणून नाव शेवटी भरा, कागद आधी जमवा.

सगळीकडे एकच अक्षर

उद्यम, पंचायतीचा दाखला, अन्नपदार्थ असतील तर एफएसएसएआय (अन्नसुरक्षेची नोंद), जीएसटी, होमस्टे असेल तर पर्यटन खात्याची नोंद, बँक खाते. या सर्व ठिकाणी नाव अक्षर न् अक्षर सारखे हवे. एका चिठ्ठीवर देवनागरी आणि रोमन रूप ठळक लिहा आणि प्रत्येक फॉर्म भरणाऱ्यासमोर ती चिठ्ठी ठेवा. तोंडी सांगू नका. चालू खाते उघडताना बँक धंद्याच्या नावाचे दोन पुरावे मागते आणि एकात ‘फूड’, दुसऱ्यात ‘फूड्स’ असले तरी परत पाठवते.

क्यूआर कोड धंद्याच्या खात्याचा घ्या. पाटीवर ‘झाकली बरणी’ आणि पैसे पाठवताना मोबाइलवर भलत्याच माणसाचे नाव दिसले की गिऱ्हाईक थबकते. गूगलवरही पाटीवरचेच नाव द्या. पुढे ‘फोंड्यातील उत्तम लोणची’ असे शेपूट जोडले तर ते गूगलच्या नियमात बसत नाही आणि नोंद बंद पडू शकते.

पाटी आणि पहिले बिल

रस्त्यावरच्या पाटीचे ठोकळ माप असे: वाचकापासून दर दहा फुटांना अक्षराची उंची एक इंच. शंभर फुटांवरून वाचायचे तर दहा इंच. ताशी ४० किलोमीटरने जाणारा स्कूटरवाला सेकंदाला अकरा मीटर पुढे जातो, म्हणजे शंभर फूट त्याला तीन सेकंदही पुरत नाहीत. तेवढ्यात दोन शब्द वाचून होतात, चार नाही. देवनागरीत वेलांट्या आणि उकार वर-खाली जातात, म्हणून मूळ अक्षराची उंची मोजा, पूर्ण ओळीची नको. पाटीवाल्याकडून संगणकावरचा नमुना कागदावर काढून घ्या, समोरच्या फुटपाथवर जाऊन पाहा. फ्लेक्स पावसाळ्यात शेवाळतो आणि उन्हाने विटतो. नाव पक्के झाले असेल तर पत्रा किंवा एसीपी (ॲल्युमिनियमचे पॅनेल) परवडतो. जीएसटी नोंदणी असेल तर प्रवेशद्वाराच्या पाटीवर तो क्रमांक लिहिणे बंधनकारक आहे, तेव्हा त्याला जागा आधीच सोडा. पालिका हद्दीत पाटीवर करही लागतो.

पाटी लागली त्या दिवशी तारखेसकट फोटो काढा. पहिले बिल, छापखान्याची पावती, लेबलाचा पहिला नमुना, स्थानिक वर्तमानपत्रात जाहिरात दिली असेल तर तिचे कात्रण हे सगळे एका पाकिटात घालून ठेवा. ट्रेडमार्कच्या अर्जात ‘अमुक तारखेपासून वापरात’ असे लिहिले की प्रतिज्ञापत्राबरोबर हेच पुरावे मागतात. पुढे कोणाशी वाद झाला तर आधी कोण, हेही याच पाकिटावरून ठरते.